अडीच इंचाचा शाफ्ट

दिवाळी अंकासाठी नोकरीतल्या गमतीजमती लिहा, असं संपादकांचं पत्र आलं. यंत्रांच्या धंद्यात उभं आयुष्य घालवलेल्या माणसाजवळ गमतीजमती असतातच. लग्नाच्या पंगतीत मी त्या सांगतोही. पण कागद पुढे ओढून बसलो आणि लक्षात आलं, की मला गंमत आठवत नाहीये, राग आठवतोय. इतक्या वर्षांत तो निवला नाही. उलट आता पेन्सिल धरताना हात थरथरायला लागल्यापासून जास्तच उफाळून येतो. तेव्हा फराळाबरोबर ज्यांना गोड काही वाचायचं असेल त्यांनी सरळ पुढचं पान उलटावं.

वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेलं होतं आणि आमचे सगळे साहेब नागपुरात बसत. मी चिखलीच्या माळ्याच्या घरातला. वडील मळ्यात वांगी-मिरची करायचे. मी नागपूरला तांत्रिक शिक्षण घेऊन आलो आणि खामगावच्या एका वर्कशॉपात नकाशे काढायच्या टेबलावर लागलो. त्या वर्कशॉपात पुल्या ओतायच्या, शाफ्ट कातायचे, आसपासच्या जिनिंगांची मोडकी यंत्रं दुरुस्त व्हायची. माझे हात कामगारांसारखे काळे होत नसत, म्हणून सगळे मला मास्तर म्हणायचे. त्या म्हणण्यात आदर किती आणि टोमणा किती हे मला कधी कळलं नाही.

शाफ्ट म्हणजे काय ते आधी सांगतो. शाफ्ट म्हणजे फिरणारा पोलादी दांडा. एका टोकाला इंजिन त्याला फिरवतं, आणि वाटेत जागोजागी बसवलेल्या पुल्यांवरून चामडी पट्टे निघून एकेक यंत्र चालवतात. विजेच्या मोटारी आमच्याकडे यायच्या होत्या तेव्हा अख्खा कारखाना अशा एका दांड्यावर चालायचा. या दांड्यावर दोन प्रकारचे जोर येतात. एक पिळाचा. धुणं पिळताना दोन हात उलट दिशांना फिरतात, तसं इंजिन एकीकडून फिरवतं आणि यंत्रं दुसरीकडून अडवतात. मधला दांडा पिळला जातो. दुसरा जोर वाकवण्याचा. पट्टे दांड्याला एका बाजूला खेचत असतात, आणि दांडा टेकलेला असतो फक्त बेअरिंगांवर. दोन बेअरिंगांच्या मधे तो वाकू पाहतो. पिळाचा हिशेब इंजिनाच्या ताकदीवरून चटकन निघतो, म्हणून मालक लोकांना तो कळतो. वाकाचा हिशेब पुली कुठे, बेअरिंग कुठे, मधलं अंतर किती यावर असतो. तो समजून घ्यायला बसावं लागतं, आणि बसायला कुणाला वेळ नसतो.

खरा घात वाकच करतो. पीळ एकदा बसला की इंजिन थांबेपर्यंत बहुतेक तसाच राहतो. वाकाचं तसं नाही. दांड्याची जी बाजू आत्ता ताणली जातेय, तीच अर्ध्या फेऱ्यानंतर दाबली जाते. पुन्हा ताण, पुन्हा दाब. मिनिटाला दोनशे फेरे धरा. दहा तासांच्या दिवसात लाखाच्या वर वेळा ते पोलाद असं उलटंपालटं होतं.

हे सर्वांत लवकर समजलेलं माझं गिऱ्हाईक म्हणजे उंद्रीचा एक पिठाच्या गिरणीवाला. त्याचा शाफ्ट एका वर्षात तीनदा मोडला. तिसऱ्यांदा तो तुकडे बैलगाडीत घालून थेट माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "मास्तर, तुमचं लोखंडच खोटं हाय."

त्याने पुली बेअरिंगापासून हातभर लांब, शाफ्टच्या पार टोकाला बसवली होती, कारण तिथून पट्टा सरळ जात होता. मी त्याला वरचं सगळं समजावलं. त्याने ऐकता ऐकता टेबलावरची तार उचलली, दोन्ही बाजूंनी वाकवत राहिला, आणि ती तुटल्यावर दोन तुकडे माझ्यासमोर धरले.

"मंग असं म्हना ना, लोखंड थकते."

"हाव, थकते."

"तं मंग इतके घंटे काय सांगून राह्यले होते? थकनं आमाले समजते." आणि तो पुली बेअरिंगाजवळ आणायला कबूल होऊन गेला. पुढे त्याचा शाफ्ट मोडला नाही. शिकलेल्या लोकांना इतक्या सहज पटलं असतं, तर पुढचं मला लिहावं लागलं नसतं.

धाड गावच्या बाजूला एका मोठ्या जमीनदाराची जिनिंग होती. त्यांचं नाव लिहीत नाही. नातवंडं आहेत, त्यांचा काही दोष नाही. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. जिनिंगमध्ये रेचे असतात, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारी यंत्रं. लाकडी फलाटावर रेच्यांची रांग असते आणि प्रत्येक रेच्यापुढे एक बाई उभी राहून त्यात कापूस घालते. फलाटाखाली अंधारा बोळ असतो आणि त्या बोळात लाइनशाफ्ट फिरतो. म्हणजे सगळ्या कारखान्याचा जोर वाहणारा दांडा बायांच्या पायांखाली फिरत असतो, मधे फक्त फळ्या.

त्या वर्षी भाऊसाहेबांनी चार जुने रेचे विकत घेतले आणि ते रांगेच्या शेवटी बसवायला शाफ्ट सोळा फूट वाढवून मागितला. मी मापं घ्यायला गेलो. बोळ पुढे खणलेला होता, पण तळाला काळा दगड लागला होता. माझ्या हिशेबाने त्या सोळा फुटांच्या बरोबर मधे एक बेअरिंग हवं होतं, आणि त्यासाठी दगड फोडून पक्का चौथरा बांधायला हवा होता. पुल्या ओळीने बसलेल्या असल्या की बेअरिंगांमधलं अंतर दुप्पट झाल्यावर वाकवणारा जोर चौपटीकडे जातो. मी भाऊसाहेबांना म्हटलं, "दगड फोडा, चौथरा बांधा, तो चांगला वाळू द्या. पंधरा-वीस दिवस लागतील."

भाऊसाहेब हसले. "मास्तर, दसरा झाला. आठ दिवसांत कापूस येऊन पडन. तुमी दांडा लांब करून द्या, दगडाचं आमी पाहून घेऊ."

खामगावला परत येऊन मी नकाशा काढला. तीन इंच जाडीचा शाफ्ट, मधे बेअरिंग. आमच्या वर्कशॉपचे मालक चांगले शिकलेले होते. त्यांनी नकाशा पाहिला आणि विचारलं, "तीन इंच कशाला? आपल्याकडे अडीचचा दांडा पडून आहे. पिळाला अडीच पुरतो की नाही?"

"पिळाला पुरतो. पण वाकाला..."

"पुरतो ना? मग झालं."

मी पाटी घेऊन त्यांना दाखवलं, की दांड्याची ताकद जाडीच्या घनाने वाढते. अडीचाचे तीन इंच केले तर वजन दीडपटसुद्धा होत नाही, पण ताकद पावणेदोन पटीच्या जवळ जाते. शिवाय अडीच इंच वापरायचाच असेल तर मधलं बेअरिंग सोडताच येणार नाही. मधे बेअरिंग नसलं तर मी तीन इंचालाही हो म्हणणार नाही. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि मग जे बोलले ते मला अजून शब्दन् शब्द ऐकू येतं.

"गोविंदा, असं कर. नव्या नकाशात शाफ्ट अडीचचा दाखव, आणि मधे बेअरिंगही दाखव. ते बसवायचं की नाही हे भाऊसाहेबांचं काम. आपल्या कागदावर बेअरिंग आहे म्हणजे आपण मोकळे."

मी तसा नकाशा काढला. खाली सही केली. ते बेअरिंग बसणार नाही हे मला पक्कं माहीत होतं. तो बोळ मी पाहिला होता, भाऊसाहेबांचं हसणंही पाहिलं होतं. कुणी माझ्या मानेवर सुरी ठेवली नव्हती. नोकरी नवी होती, लग्न ठरलं होतं, आणि मालकांपुढे दुसऱ्यांदा तोंड उघडायचा कंटाळा आला होता. कारण इतकं क्षुल्लक होतं, आणि म्हणूनच मी ते लपवून ठेवत नाही.

शाफ्ट बसला. हंगाम सुरू झाला. संक्रांतीच्या आसपास एका सकाळी धाडहून निरोप आला, की शाफ्ट मोडला आणि एक बाई गेली.

मालकांनी मला लगेच पाठवलं. निघताना म्हणाले, "तुटलेले दोन्ही तुकडे मोटारीत टाकून इकडे घेऊन ये. गाळून टाकू. तिथे कुणाच्या हाती राहायला नकोत."

बोथ्याच्या घाटातून मोटार बुलढाण्याला आणि तिथून पुढे धाडकडे जाईपर्यंत मी मनाशी एकच म्हणत होतो, की दुसरा कुठला तरी भाग मोडला असेल. पोचलो तेव्हा इंजिन बंद होतं. आवारात कापसाच्या गाड्या तशाच उभ्या होत्या. शाफ्ट त्या सोळा फुटांच्या मधोमध, एका पुलीच्या कडेला तुटला होता. सुटलेलं टोक उसळलं, पुली फळ्या फोडून वर आली, आणि त्या फळ्यांवर उभी असलेली सुभद्रा नावाची बाई बोळात पडली. याहून जास्त मी इथे लिहिणार नाही.

मधलं बेअरिंग नव्हतं. चौथरा नव्हता. दगडाला छिन्नीचा एक टवकासुद्धा नव्हता.

भाऊसाहेबांच्या मुनिमाने मी पोचायच्या आधीच पोलिसांत लिहून दिलं होतं, की आइलमन श्रीपत हा दारू पिऊन आला, त्याने बेअरिंगांत तेल घातलं नाही, त्यामुळे बेअरिंग धरलं, म्हणजे जाम झालं, आणि म्हणून शाफ्ट मोडला. बेअरिंगांत तेल घालत फिरणाऱ्याला जिनिंगमध्ये आइलमन म्हणतात. श्रीपतला चौकीत बसवून ठेवला होता. पन्नाशीचा, वाळलेला, माळकरी माणूस. मी खिडकीशी गेलो तर त्याने हात जोडले.

"मास्तर, इठ्ठलाची आन, म्या आयुष्यात थेंब घेतला नाई. तेल तं म्या सकायीच घातलं. तुमी तरी पाहा ना, बुश पाहा."

मी बोळात उतरलो आणि पाहिलं. आता जरा नीट वाचा, कारण या चार ओळींवर एका माणसाचा तुरुंग अवलंबून होता. तेल नसलेलं बेअरिंग जेव्हा धरतं तेव्हा शाफ्ट तिथे तापतो. त्याच्यावर निळी-जांभळी झाक येते आणि बुश, म्हणजे बेअरिंगाच्या आतलं धातूचं अस्तर, ओरबाडलं जातं. त्या सोळा फुटांच्या दोन्ही टोकांची बेअरिंगं आरशासारखी होती, वर तेलाचा पातळ थर. शाफ्ट मोडला होता तो तिथून आठ फूट दूर. आणि मोडलेलं तोंड दोन रंगांचं होतं. बराचसा भाग गुळगुळीत, तेलाने काळा पडलेला, शिंपल्यावर असतात तशा बारीक वळ्यांचा. राहिलेला तुकडा पेरूच्या फोडीएवढा, खडबडीत, ताजा आणि चकचकीत. काळा भाग म्हणजे जुनी चीर. ती कित्येक दिवस फेऱ्याफेऱ्याने आत सरकत होती, तिच्या दोन्ही कडा एकमेकींवर घासून गुळगुळीत झाल्या होत्या आणि तेल आत झिरपलं होतं. त्या सकाळी मोडला तो फक्त उरलेला चकचकीत भाग. शेवटच्या रेच्यांचा सगळा जोर तेवढ्यावर चालला होता.

वर आलो तर फलाटाच्या पायरीवर एक बाई बसलेली. सुभद्रेची मोठी जाऊ, यमुनाबाई. शेजारच्याच रेच्यावर काम करायची. ती माझ्याकडे बघत होती. मी विचारलं, "आधी काही कळलं नव्हतं का? आवाज?"

"आवाज कायचा? रेच्याच्या गोंगाटात आवाज कोनाले येते? पायाले समजे." तिने पायाचा तळवा पायरीच्या फळीवर ठेवून दाखवला. "आठ-धा दिसांपासून फयी धडधड करून राह्यली होती. सुभद्री म्हने, बाई, मले इथं उभं राहू वाटत नाई. म्या मुनीमजीले सांगतलं. दोन खेपा सांगतलं."

"मग?"

"मंग काय? म्हने, उभं राहाचं नसन तं घरी जाय, तुह्यासारख्या पन्नास भेटतात."

हे सांगताना ती रडत नव्हती. मी मात्र तिच्यासमोर उभा राहू शकलो नाही. सही माझी आहे, हे तिला सांगायची हिंमत तेव्हा झाली नाही.

शाफ्टचे तुकडे मी मोटारीत घातले, पण खामगावला नेले नाहीत. बुलढाण्याला उतरलो आणि पंचांसमोर पोलीस ठाण्यात जमा करून पावती घेतली. दुसऱ्या दिवशी ती पावती मालकांच्या टेबलावर ठेवली.

मालकांचा चेहरा पांढरा पडला. "तुला कळतंय का तू काय केलंस? त्या नकाशावर सही कुणाची आहे?"

"माझी."

"मग?"

"म्हणूनच जमा केले."

त्यांनी मला काढून टाकलं नाही. चौकशी व्हायची होती, मी त्यांना अजून लागणार होतो. पुढचे आठ दिवस ते माझ्याशी इतकं गोड वागले, की त्याचाच मला जास्त संताप येत होता. पगार वाढवतो म्हणाले, लग्नाला येतो म्हणाले.

नागपूरहून फॅक्टरी इन्स्पेक्टर आले. चौकशी जिनिंगच्या आवारातच झाली, लिंबाखाली टेबल टाकून. एका बाजूला भाऊसाहेब आणि आमचे मालक खुर्च्यांवर. दुसऱ्या बाजूला पोलिसांच्या मधे श्रीपत, आणि मागे जमिनीवर कामाच्या बाया. मुनिमाने दारूची कहाणी पुन्हा सांगितली. मग मालक उठले आणि आमचा नकाशा पुढे केला. "साहेब, आमच्या नकाशात बेअरिंग स्पष्ट दाखवलेलं आहे. ते यांनी बसवलं नाही, पण तो यांचा प्रश्न. आणि तेलच नसेल तर बेअरिंगाने तरी काय होणार?"

किती सफाईने बोलले! भाऊसाहेबांना थोडं ढकललं, श्रीपतला पुरता बुडवला, आणि स्वतः कोरडे.

इन्स्पेक्टर कमी बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी मला बोलावलं. पोलिसांनी सोबत आणलेले तुकडे मी टेबलावर ठेवले, काळा भाग आणि चकचकीत भाग दाखवला, बेअरिंगं उघडून दाखवली, आणि तेलाचा याच्याशी काही संबंध नाही हे सांगितलं. त्यांनी भिंग काढून ते तोंड बराच वेळ पाहिलं. त्यांना ते माहीत होतं, हे मला त्यांच्या पाहण्यावरून कळलं. मग त्यांनी नकाशा उचलला.

"ही सही तुमची?"

"हो."

"अडीच इंच, मधे बेअरिंग. बेअरिंग असतं तर हा शाफ्ट टिकला असता?"

"कसाबसा टिकला असता. मी आधी तीन इंच सांगितला होता."

"बेअरिंग बसवलं जाणार नाही, हे सही करताना तुम्हाला माहीत होतं?"

मालक माझ्याकडे बघत होते. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता, आणि तो कुणालाही खोटा ठरवता आला नसता.

"हो," मी म्हणालो. "माहीत होतं. बेअरिंग फक्त कागदापुरतं दाखवायचं ठरलं होतं."

"कुणी ठरवलं?"

मी मालकांचं नाव घेतलं. मग स्वतःचंही घेतलं.

भाऊसाहेब खुर्चीतून उठले. "हा कालचा पोरगा, याच्या बोलन्यावर—"

तेवढ्यात मागून यमुनाबाई उभी राहिली. कुणी तिला बोलावलं नव्हतं. "साहेब, मले बोलाचं हाय." आणि तिने फळी धडधडत होती ते, मुनिमाला दोनदा सांगितलं ते, आणि त्याने काय उत्तर दिलं ते, सगळं सांगितलं. मुनीम म्हणाला खोटं आहे. त्यावर खाली बसलेल्या बायांपैकी एकजण म्हणाली, "मायासमोर बोलले तुमी." मग दुसरी म्हणाली. मग सगळ्याच.

श्रीपतला त्याच दिवशी सोडलं. तो माझ्या पाया पडायला आला तेव्हा मी त्याच्यावर खेकसलो. ज्याच्या सहीने त्याला चौकी दाखवली त्याच्या पाया पडतो म्हणजे काय! बिचारा दचकून मागे सरला. ते खेकसणं मला अजून खुपतं, पण तेव्हा दुसरं काही तोंडातून निघालं नाही.

मालकांनी दुसऱ्या दिवशी मला काढून टाकलं. त्यांना आणि भाऊसाहेबांना कायद्याने जी शिक्षा झाली ती इतकी किरकोळ होती, की लिहायची लाज वाटते. मला तर काहीच झालं नाही. नकाशात बेअरिंग होतं ना. कायद्याच्या दृष्टीने माझा कागद निर्दोष होता! मेलेल्या बाईपुढे निर्दोष कागद धरायला कायद्याला लाज वाटत नाही, हे मी तेव्हा शिकलो.

एकच गोष्ट इन्स्पेक्टरांनी ठाम केली. मधलं बेअरिंग बसून शाफ्ट बदलल्याशिवाय ते चार रेचे चालू करायचे नाहीत. मी चिखलीला घरी बसलो होतो. तीनेक आठवड्यांनी श्रीपत दारात आला. "मास्तर, चला. यमुनाबाईनं बोलावलं."

"काऊन?"

"नवं बेअरिंग बसलं म्हनतात. पन बाया फलाटावर चढत नाई. म्हनतात, मास्तर पाहीन, मंग चढू."

मी जायला तयार नव्हतो. कुठल्या तोंडाने जायचं? पण श्रीपत दारातून हलेना.

जिनिंगच्या फाटकात पोचलो तर बाया आवारात मांड्या घालून बसलेल्या. आता त्या चार रेच्यांवरच्याच नाही, सगळ्याच. कापसाच्या गाड्या रस्त्यापर्यंत लागलेल्या. भाऊसाहेबांनी मला पाहिलं आणि त्यांच्या कपाळावरची शीर उठली.

"याले कोनं बोलावलं?"

"आमी," यमुनाबाई बसल्या जागेवरून म्हणाली.

मला आत जाऊ द्यावं लागलं. मी बोळात उतरलो. शाफ्ट तीन इंची होता, नवा. मधे बेअरिंगही होतं. पण मी खाली वाकून हात घातला तर चौथरा नव्हताच. दगडावर सागाचे दोन ठोकळे ठेवून त्यांवर बेअरिंग टेकवलं होतं, आणि लांबून पक्कं दिसावं म्हणून ठोकळ्यांना सिमेंट फासलं होतं. महिनाभरात लाकूड दबलं असतं आणि बेअरिंग नुसतं शोभेला उरलं असतं. एक बाई गेली होती, चौकशी झाली होती, नागपूरचा हुकूम होता, तरी माणसं हे करतात! मी नखाने सिमेंटचा पोपडा काढला आणि तो हातात घेऊन वर आलो.

"लाकूड आहे. चढू नका."

कुणी आरडाओरडा केला नाही. बायांनी सोबत आणलेल्या भाकरी सोडल्या आणि तिथेच जेवायला बसल्या. भाऊसाहेब येरझाऱ्या घालत होते, मुनीम मला धमकावत होता, फाटकाबाहेर गाडीवाले ओरडत होते. संध्याकाळपर्यंत पाथरवट आले. दगड फोडायला आणि चौथरा बांधायला पंधरा दिवस लागले. मी पहिल्या दिवशी सांगितले होते तेवढेच. तेवढे दिवस एकही बाई फलाटावर चढली नाही, आणि पंधराही दिवस मी रोज बोळात उतरलो, माझा कुणाशीही करार नसताना.

शेवटी मी सांगितलं, की आता ठीक आहे. बाया उठल्या, पण यमुनाबाई पायरीपाशी थांबली.

"तुमी चढा आधी."

मी चढलो आणि नव्या फळ्यांवर, मधल्या बेअरिंगाच्या वरच्या रेच्यापुढे उभा राहिलो. इंजिन सुरू झालं. पट्टे फिरले, रेचे बोलायला लागले. मी बराच वेळ उभा होतो. फळ्या स्थिर होत्या.

यमुनाबाई वर आली. माझ्याजवळ येऊन, गोंगाटात ऐकू यावं म्हणून कानाशी वाकून म्हणाली, "मास्तर, तुमी साहेबापुढं खरं बोलले, ते आमी आयकलं. पन तवा बोलले असते, तं आज तुमाले इथं उभं राहा लागलं नसतं."

तिने कापसाची पाटी माझ्या पायाशी ठेवली.

"आता उतरा. हे सुभद्रीची जागा हाय."

मी बाजूला झालो. ती तिथे उभी राहिली आणि रेच्यात कापूस घालायला लागली.